कोल्हापुरात राहून गाडीला टायर घ्यायचेत? खिशाला परवडणारा पण चांगला टायर कसा निवडायचा, पहिल्यापासून सगळं

मे संपत आला की टायरच्या दुकानात गर्दी व्हायला लागते आणि बहुतेक लोक आत जाऊन एकच विचारतात, "मालक, एमआरएफ घालू का सीएट?" आता हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याच्या आधी आपली गाडी फिरते कुठं, साईज काय, टायर बनलाय कधी आणि पाण्यात त्याची पकड कशी, एवढं ठरवलं की ब्रँडचा निकाल जवळजवळ आपोआप लागतोय. दुकानदार काय, त्याच्याकडं जो माल पडून आहे तोच "लई भारी चालतोय बघा" म्हणून दाखवणार, त्याचा धंदाच आहे तो, म्हणून तयारी आपण घरातनं करून जायची.

हे सगळं रोजच्या गाड्यांसाठी लिहितोय, म्हणजे वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, आय-ट्वेंटी, बलेनो, टियागो असल्या. थार-बिर घेऊन चिखलात घुसणाऱ्यांचं गणित वेगळं आहे, ते इथं नाही.

आधी बघा, टायर बदलायची खरंच वेळ आलीय का

टायरच्या नक्षीत ज्या उभ्या खाचा असतात ना, त्यांच्या तळाला ठराविक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे दिसतील. ते कुठं आहेत ते सापडत नसेल तर टायरच्या बाजूला वरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, त्याच्या सरळ रेषेत खाचेत बघायचं. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, आणि कारसाठी कायद्यानं त्याच्या खाली चालत नाही. नवीन टायरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर नक्षी असते.

पण कायदा १.६ म्हणतोय म्हणून तिथपर्यंत ओढायचं असं नाही. खाचांचं काम पाणी बाहेर फेकायचं असतं, आणि खाच उथळ झाली की पाणी मावतच नाही, टायर पाण्यावर तरंगायला लागतो, स्टेअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेक मारला तरी गाडी सरळ जाते. त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे, ३ मिलिमीटरच्या आसपास आलेला टायर घेऊन पावसाळ्यात घाटात जायचं नाही. उन्हाळ्यात गावात फिरवा, दिवाळीनंतर फिरवा, पण जून ते सप्टेंबर नको. खोली मोजायचा छोटा गेज ऑनलाइन स्वस्तात मिळतो, गाडीत टाकून ठेवा, आणि एकाच ठिकाणी न मोजता आतली बाजू, मधली आणि बाहेरची अशी तीन ठिकाणी मोजा, कारण टायर सगळीकडं सारखा झिजत नाही.

आणि तो कसा झिजलाय ते नीट बघणं तर पैसे वाचवायचा पहिला मार्ग आहे. दोन्ही कडा घासल्यात आणि मध्ये नक्षी शिल्लक आहे, म्हणजे बरेच दिवस हवा कमी होती. मधलाच पट्टा घासलाय, म्हणजे हवा जास्त मारली जात होती (पंपावरचा पोरगा विचारतो "पस्तीस मारू?" आणि आपण मान हलवतो, त्याचा हा परिणाम). एकच कड खाल्लीय, तर अलाइनमेंट (चाकांचा कोन) गेलंय किंवा सस्पेन्शनचा एखादा पार्ट ढिला आहे. तळहात टायरवरनं फिरवला आणि वर-खाली वर-खाली लागलं तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडं सारखं आहे का) बघून घ्या. ही कारणं दुरुस्त न करता नवीन टायर टाकले तर नवीनही तसेच खाल्ले जाणार, मग कुठल्याही कंपनीचे असोत. जुने टायर काढायच्या आधीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा म्हणजे मेकॅनिकला दाखवता येतात.

नक्षी भरपूर असली तरी टायर बाद होतोच अशा दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे बाजूला आलेला गोळा. खड्ड्यात जोरात आपटलं की आतले दोरे तुटतात आणि तिथं फुगा येतो, त्याला दुरुस्ती नाही, कुणी "चालतंय की, अजून वर्षभर जाईल" म्हटलं तरी ऐकू नका. दुसरं म्हणजे वय. रबर उन्हानं आणि हवेनं कडक होत जातं, बाजूला बारीक भेगा पडतात. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडनं तपासून घ्यायचा, आणि दहा वर्षं झालेला टायर कितीही कोरा दिसू दे, काढून टाकायचा, त्यात स्टेपनी पण आली. कमी फिरणाऱ्या गाड्यांचा हाच घोटाळा असतो, आजोबांची गाडी आठवड्यातनं एकदा महाद्वार रोडला जाऊन येते, नक्षी नव्यासारखी आणि रबर दगडासारखं.

तुमची गाडी फिरते कुठं, हे प्रामाणिकपणे लिहून काढा

हा भाग लोक गाळतात आणि इथंच पैसे वाया जातात. कोल्हापूरच्या माणसाला एकाच गाडीत तीन-चार प्रकारचे रस्ते मिळतात, पण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं.

राजारामपुरीतनं शाहूपुरी, रंकाळा, फार तर पन्हाळा-जोतिबा एवढंच फिरणं असेल तर वेग कमी, खड्डे आणि स्पीडब्रेकर भरपूर. इथं मजबूत बाजूचा, जास्त चालणारा साधा टायर घ्या, महागाचा शांत आणि मऊ टायर घेऊन त्याचा फायदा कळणारच नाही.

दर आठवड्याला पुण्याला किंवा बेळगावला जाणारे असाल तर हायवेवर टायर तापतो, सहापदरीकरणाच्या कामामुळं डायव्हर्जनला रस्ता एकदम तुटतो, पावसात कडेला पाणी साचतं. इथं ब्रेकिंग, पाण्यातली पकड आणि आवाज या तिन्हीला महत्त्व द्या, आणि टायरचा भाव ठरवताना हजार रुपये इकडं-तिकडं झाले तर जास्त विचार करू नका.

तिसरा प्रकार म्हणजे कोकणात जाणारे. माहेर कणकवलीला, सासर रत्नागिरीला, नाहीतर दर पावसात भटकायची हौस. गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा घाट, राधानगरीवरनं फोंडा, मलकापूरवरनं आंबा, आजऱ्याकडनं आंबोली, सगळीकडं पावसाळ्यात तेच, धुकं, शेवाळलेली कड, वळणावर आडवं वाहणारं पाणी. गगनबावड्यात जो पाऊस पडतो तो कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट असतो, त्यामुळं शहरात बसून "माझा टायर चांगलाय की" म्हणणाऱ्याला घाटात गेल्यावर कळतं. असल्यांनी पाण्यातली पकड हाच पहिला निकष धरायचा, टायर पाच-दहा हजार किलोमीटर कमी चालला तरी चालेल.

आणि चौथे, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत रोज कामाला जाणारे. तिथं लेथवरचे लोखंडी तुकडे, खिळे, पत्र्याचे बारके काप रस्त्यावर असतात, पंक्चर ठरलेलं. त्यात ऊसाचा सीझन सुरू झाला की ट्रॉल्यांमुळं रस्त्यावर माती आणि पाचट. इथं ट्यूबलेसच पाहिजे, आणि जाड नक्षीचा, मजबूत टायर बघा.

साईज वाचायला शिका, दोन मिनिटाचं काम

टायरच्या बाजूला उदाहरणार्थ १६५/८० आर१४ ८५टी असं लिहिलेलं असतं. १६५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची ही रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ८५ हा वजनाचा आकडा, त्याचा अर्थ एक टायर ५१५ किलो पेलतो (८२ असेल तर ४७५, ८८ असेल तर ५६०). शेवटचं अक्षर वेगाचं, टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०. आपल्याकडं एक्स्प्रेसवेवर पण कारला १२० च्या वर परवानगी नाही, तेव्हा वेगाच्या अक्षरासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नसते, फक्त कंपनीनं दिलेल्यापेक्षा खालचं अक्षर किंवा खालचा वजनाचा आकडा घ्यायचा नाही, एवढं पाळा.

तुमच्या गाडीची बरोबर साईज ड्रायव्हरच्या दरवाजाजवळ चौकटीवरच्या स्टिकरवर असते, हवेचं प्रेशर पण तिथंच. आत्ता गाडीला लावलेला टायर बघून साईज सांगू नका, गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधीच्या मालकानं काय घातलंय देव जाणे.

आता रुंद टायरचा मोह. "दादा, जरा जाड टायर टाकू, गाडी उठून दिसल" असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. गणित असं आहे की टायरचा एकूण व्यास मूळच्या जवळपास राहिला पाहिजे, तीन टक्क्यांच्या वर फरक नको. स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४, त्याचा व्यास येतो साधारण ६२० मिलिमीटर. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५, व्यास ६२१. म्हणजे कंपनीनंच जोडी जुळवून दिलीय. १४ च्याच रिमवर १८५/७० घातला तर ६१५, हेही चालण्यासारखं आहे, रिमची रुंदी त्या टायरला चालते का तेवढं विचारून घ्या. पण कुणी १५ च्या रिमवर २०५/६५ बसवायला निघाला तर व्यास जवळजवळ ६४८ होतो, स्पीडोमीटर कमी वेग दाखवणार, स्टेअरिंग फुल वळवलं की टायर घासणार, ॲव्हरेज पडणार, आणि रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो ही गोष्ट तर कुणी सांगतच नाही. घाटात जाणाऱ्यानं रुंदीच्या नादाला लागू नये, सरळ सांगतो. वाढवायचंच असेल तर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची साईज, त्याच्या पुढं नाही.

तारीख बघितल्याशिवाय टायरला हात लावू द्यायचा नाही

टायरच्या बाजूला डीओटी अशा अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, बऱ्याचदा लंबगोल चौकटीत. ३५२४ असेल तर २०२४ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. एवढं सोपं आहे. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, तेव्हा दिसले नाहीत तर उलटा करून बघा, "नसतंय त्याच्यावर" असं कुणी म्हणालं तरी असतंय.

सहा महिन्याच्या आतला टायर मिळाला तर उत्तमच, वर्षभराचा असला तरी काही बिघडत नाही, नीट सावलीत ठेवलेला असेल तर दीड वर्षाचा पण वापरायला वाईट नाही, पण मग भाव पण तसा पाहिजे. दोन वर्षाच्या वरचा माल नव्याच्या भावात घेऊ नका. दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेले टायर दिसले तर त्यातला तर नकोच. आणि चारी टायरची तारीख बघा बरं का, वरचे दोन ताजे आणि खालचे दोन जुने असा प्रकार असतो, फोनवर आधीच विचारायचं, "अमुक साईज, कुठल्या आठवड्यातला आहे?" जो दुकानदार फोनवर आकडा वाचून दाखवतो त्याच्याकडं जा.

ह्याच वेळी आयएसआयचा शिक्का बघून घ्या, कार टायरला तो सक्तीचा आहे. बाहेरून येणाऱ्या टायरवर २०२० पासून केंद्रानं निर्बंध घातलेत, त्यामुळं कुणी "चायनाचा आहे पण एकदम स्वस्तात देतो" म्हणाला तर तो माल कुठून आला आणि किती दिवस पडून होता ते आधी विचारा.

आता कंपनी आणि मॉडेल

इथं लोक कंपनीवर भांडतात, पण फरक कंपनीपेक्षा मॉडेलमध्ये जास्त असतो. एकाच कंपनीचे दोन टायर दोन वेगळ्या कामासाठी बनवलेले असतात. सीएटचा मायलेझ जास्त चालण्यासाठी, तर सिक्युराड्राइव्ह पकड आणि आरामासाठी. गुडइयरचा ड्युराप्लस जास्त किलोमीटरसाठी, ट्रिपलमॅक्स ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगसाठी. ब्रिजस्टोनचा स्टर्डो टिकाऊपणासाठी, इकोपिया इंधन वाचवण्यासाठी. अपोलोचा अमेझर फोरजी लाइफ, नावातच सांगितलंय. तेव्हा "अपोलो चांगला का ब्रिजस्टोन" असं न विचारता "ह्या साईजमध्ये पाण्यात धरणारा कुठला आणि जास्त चालणारा कुठला" असं विचारलं की दुकानदाराला पण कळतं समोरचा माणूस वाचून आलाय.

ह्यामागचं कारण रबरात आहे. कडक रबर हळू झिजतं पण ओल्या रस्त्यावर कमी धरतं, मऊ रबर धरतं पण लवकर संपतं, आणि सिलिका घातलेलं चांगलं रबर दोन्ही बऱ्यापैकी साधतं पण ते महाग पडतं. एक लाख किलोमीटर चालणारा, पाण्यात घट्ट धरणारा, आवाज न करणारा आणि स्वस्त असा टायर कुणीच बनवलेला नाही, त्यातलं काय सोडायचं ते तुम्ही वर लिहून काढलेल्या रस्त्यांवरनं ठरवायचं.

नक्षीबद्दल थोडं. पाण्यासाठी तीन-चार रुंद सरळ खाचा असलेला टायर चांगला. बाणाच्या आकाराची नक्षी असलेले काही टायर एकाच दिशेनं फिरवायचे असतात, पाणी छान फेकतात, पण डावे-उजवे अदलाबदल करता येत नाहीत. साध्या गाडीला त्यांची फारशी गरज नसते.

२०२२ मध्ये केंद्रानं टायरसाठी एआयएस-१४२ नावाचे निकष आणले, त्यात ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स म्हणजे टायर फिरताना खाणारी ताकद, आणि आवाज या तिन्हीच्या मर्यादा आल्या, म्हणजे नव्या मालात अगदीच भंगार पकडीचा टायर मिळायची शक्यता कमी झाली. काही टायरवर बीईई म्हणजे ऊर्जा बचतीच्या सरकारी संस्थेचे स्टार पण दिसतात, ते मुख्यतः इंधन बचतीचे आहेत, पाच स्टार म्हणजे पाण्यात पाच स्टार असं समजू नका. काही मॉडेलवर ट्रेडवेअर ३००, ट्रॅक्शन ए असले आकडे असतात. ट्रेडवेअर जितका जास्त तितका जास्त चालणारा, ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे ओल्या रस्त्यावरच्या पकडीत, डबल ए सगळ्यात वर, मग ए, बी, सी. हे आकडे कंपन्या स्वतःच चाचणी करून टाकतात, म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना फार ताणू नका, एकाच कंपनीचे दोन मॉडेल तुलना करायला मात्र उपयोगी आहेत.

भाव कसा बघायचा

टायरचा भाव नुसता बघायचा नाही, किलोमीटरला भागून बघायचा. समजा एक टायर ४,२०० ला आहे आणि ३५ हजार किलोमीटर चालतो, म्हणजे किलोमीटरला १२ पैसे. दुसरा ५,२०० ला आहे पण ५० हजार चालतो, म्हणजे साडेदहा पैशाच्या आतच. वरनं दुसऱ्याला बदलायची मजुरी, बॅलन्सिंग, अलाइनमेंट पण कमी वेळा लागणार. हजार रुपयानं महाग वाटणारा टायर स्वस्त पडला की नाही? पण वर्षाला पाच-सहा हजारच किलोमीटर फिरणारी गाडी असेल तर हे गणित उलटं होतं, टायर झिजायच्या आधी वयानं जाणार, मग जास्त चालणाऱ्यासाठी पैसे कशाला, त्यापेक्षा चांगल्या पकडीचा घ्या.

कार टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरनं १८ टक्के झाला. मूळ किंमत ४,००० असेल तर आधी ५,१२० पडायचा, आता ४,७२० पडतो, एका टायरमागं ४०० आणि चार टायरमागं १,६०० रुपये. जुन्या एमआरपीवरनं "एवढा डिस्काउंट देतोय" असं दाखवणाऱ्याला हा हिशोब तोंडावर सांगा.

भाव विचारताना तीन ठिकाणी विचारा: कंपनीचं शोरूम, दोन-चार ब्रँड ठेवणारं मोठं दुकान, आणि ऑनलाइन. आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, "बसवून, नवीन व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि जीएसटी बिल धरून शेवटचा किती?" नाहीतर टायर दोनशे रुपयानं स्वस्त देतात आणि अलाइनमेंट, बॅलन्सिंगची वजनं, व्हॉल्व्ह करत करत पाचशे काढतात. बिलाशिवाय कमी भावात देतो म्हणाला तर नको म्हणा, कारण बिल नसेल तर वॉरंटी विसरा. वॉरंटी मुळात बनावटीतल्या दोषासाठी असते, आणि दोष निघाला तरी जेवढी नक्षी शिल्लक तेवढ्याच प्रमाणात पैसे धरतात, खड्ड्यात गोळा आला तर साधी वॉरंटी हात वर करते. काही कंपन्या ठराविक मॉडेलवर कट आणि गोळ्यासाठी पण वेगळी वॉरंटी देतात, त्याला रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते दुकानातच उभं राहून करून घ्या. आपल्या रस्त्यांना ही वॉरंटी खरंच कामाची आहे, भाव थोडा जास्त असला तरी.

दोनच टायर घ्यायचेत, मग कुठं लावायचे?

आपल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात म्हणून पुढचे टायर आधी झिजतात, आणि दुकानात नवीन दोन सरळ पुढं लावून देतात. टायर कंपन्या मात्र उलटं सांगतात, नवीन दोन मागं, आणि मागचे जे बऱ्यापैकी आहेत ते पुढं. कारण असं की पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, आपण ॲक्सिलेटर सोडला की वेग कमी होऊन परत धरते. पण ओल्या वळणावर मागची पकड सुटली तर गाडीचा मागचा भाग फिरतो आणि गाडी गोल होते, ते साध्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. आंबा घाटाच्या उतारावर हे व्हायला नको असेल तर नवीन मागं. दुकानातला पोरगा हसेल, "साहेब, उलटं सांगताय की", हसू दे.

एका ॲक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा वेगळ्या नक्षीचे टायर घालू नका, पुढं एक जोडी मागं दुसरी जोडी एवढं चालून जातं. आणि एकच टायर फाटलाय, बाकीचे निम्मे झिजलेत अशी वेळ आली तर जोडीनंच बदला, त्यातला बरा निघालेला स्टेपनीला टाका.

जुने, काढलेले आणि रिमोल्ड

बजेट अगदीच नसेल तर सेकंडहँड हा पर्याय लोक बघतात, त्यात एक प्रकार खरंच चांगला असतो. नवीन गाडी घेतल्या घेतल्या काही जण अलॉय आणि मोठे टायर टाकतात, मग कंपनीचे कोरे टायर काढून विकले जातात. ते मिळाले, तारीख ताजी असली, आणि साईज बसत असली तर डोळे झाकून घ्यायला हरकत नाही, अर्थात डोळे उघडे ठेवून बाजू तपासून.

बाकी सेकंडहँड टायर रिमवर चढलेला असताना कधीच घ्यायचा नाही. उतरवून आतनं बघायचा, किती पॅच आहेत, बाजूच्या जवळ पंक्चर काढलंय का, आत रबराचा भुगा पडलाय का (भुगा म्हणजे कमी हवेवर पळवलेला, बाजू आतनं मेलेली). बाहेरनं काळ्या पॉलिशनं चकाचक केलेला असेल तर पहिल्यांदा संशय घ्या. झिजलेल्या टायरला गरम पात्यानं परत खाचा कोरून विकतात, त्यात खाचेच्या तळाचे उंचवटे गायब किंवा कापलेले दिसतात, असला टायर कारला म्हणजे सरळ धोका. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवीन रबराची नक्षी चढवलेला, तो पण कारच्या पुढच्या चाकांना नकोच, ट्रकच्या जगात त्याचं वेगळं तंत्र आणि वेगळा हिशोब आहे.

दुकानात बसवताना तिथंच उभं राहा

चहा प्यायला जाऊ नका, चहा तिथंच मागवा. टायर बसवायच्या आधी डीओटीचे आकडे परत बघा, तुम्हाला दाखवलेले आणि बसवतायत ते एकच आहेत ना. रबरी व्हॉल्व्ह नवीनच पाहिजेत. रिमची कड गंजली असेल तर ब्रशनं घासून घ्यायला सांगा, पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या लोखंडी रिमना तर नक्कीच, नाहीतर तिथनं हवा हळूहळू जात राहते आणि आपण पंक्चर शोधत बसतो. टायरवर बाण असेल तर दिशा, आउटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर, एवढं स्वतः बघा.

बॅलन्सिंग चारही चाकांचं. मशीन शून्य दाखवल्याशिवाय चाक उतरवू देऊ नका. अलाइनमेंटच्या आधी हवा बरोबर भरलेली पाहिजे आणि आधीचा व नंतरचा प्रिंट मागायचा. छोट्या गाड्यांना बहुतेक पुढचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) एवढाच ॲडजस्ट होतो, त्यामुळं "कॅम्बर पण गेलंय, दोन हजार होतील" असं कुणी म्हणालं (कॅम्बर म्हणजे उभं चाक आत-बाहेर किती कललंय ते) तर घाई करू नका, दुसरीकडं दाखवा.

नट आधी हातानं, मग पान्यानं एकाआड एक असे आवळायचे. मशीनच्या गननं गरागरा आवळून सोडलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर घरच्या पान्यानं सुटत नाहीत, हे अनेकांना गगनबावड्याच्या पावसात कळलंय. अलॉय असतील तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा नट परत तपासून घ्या.

नायट्रोजन घालू का म्हणून विचारतील. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळाला तर घ्या, पैसे देऊन नको, आणि साधी हवा मिसळली तर काही बिघडत नाही.

नंतरची काळजी, थोडक्यात

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सावकाश, नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, तो जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. नवीन टायर घेऊन त्याच दिवशी पावसात घाट उतरायला निघू नका.

हवा दर पंधरा दिवसाला, गाडी थंड असताना, स्टिकरवरच्या आकड्याइतकी. सामान आणि माणसं भरून गणपतीला कोकणात निघालात तर स्टिकरवर फुल लोडसाठी वेगळा आकडा असतो तो बघा, मागच्या चाकांना जास्त लागतो. पंपावरचे मीटर एकमेकाला जुळत नाहीत, स्वतःचा गेज ठेवा किंवा एकाच ठिकाणी हवा तपासा. दर आठ ते दहा हजारला पुढचे-मागचे टायर अदलाबदल, त्याच वेळी अलाइनमेंट. पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर आतनं मशरूम पॅच (छत्रीसारखा, दांडी भोकात बसणारा) करून घ्या, बाहेरनं मारलेली स्ट्रिप ही घरी पोचण्यापुरती धरा. बाजूला पंक्चर झालं तर त्याला दुरुस्ती नाही.

आणि जुने टायर दुकानात सोडून यायच्या आधी दोन गोष्टी करा. चारातला जो सगळ्यात बरा आहे तो स्टेपनीवरच्या जुन्याट टायरशी ताडून बघा, वयानं आणि नक्षीनं बरा असेल तर तो स्टेपनीला घाला. उरलेल्या टायरचे काही ना काही पैसे येतात, बायबॅकचा, म्हणजे दुकानदार जुने टायर घेतो त्याचा, भाव बिल करायच्या आधी ठरवून घ्या, नंतर विचारलं की "त्याचं काय येत नाही हो" असं उत्तर मिळतं. घरी नेऊन गच्चीवर तर मुळीच टाकू नका, पावसाचं पाणी आत साचलं की डेंग्यूचे डास तिथंच अंडी घालतात.